विमानतळ शहराचा, आवाज गावाचा: शेजारी राहणाऱ्यांना नेमकं काय मिळतं?

सोलापूरहून गोव्याला जाणारं विमान होटगी रोडवरून उडतं आणि मोपा गावात उतरतं. तिकिटावर मात्र लिहिलेलं असतं, सोलापूर ते गोवा. शिर्डीला विमानाने जाणारे भाविक उतरतात काकडी गावात. 'मिलान'चं स्वस्त तिकीट मिळालं म्हणून खूश झालेले कित्येक जण प्रत्यक्षात उतरतात ओरिओ अल सेरिओ नावाच्या एका इटालियन गावात.

विमानतळाला नाव शहराचं मिळतं. जमीन, आवाज, धूळ आणि बंधनं मात्र कुठल्या तरी गावाच्या वाट्याला येतात. सोलापुरात विमानसेवा सुरू झाल्यापासून आपल्या सगळ्यांच्या गप्पा तिकीट किती, वेळ काय, मुंबईला कधी, पुण्याला कधी, याच भोवती फिरतात. विमानतळाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्यांचा विषय त्यात फारसा येत नाही. आज त्यांच्याबद्दल बोलू.

पावणेदोन हजारांचं गाव, पावणेदोन कोटी प्रवासी

सुरुवात इटलीपासून करू, कारण तिथे ही गोष्ट अगदी टोकाला गेली आहे.

ओरिओ अल सेरिओ म्हणजे सेरिओ नदीकाठचं ओरिओ. उत्तर इटलीत, बेर्गामो शहराला खेटून. लोकवस्ती जेमतेम पावणेदोन हजार, क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीला फार तर छोटी ग्रामपंचायत असती. तिथे त्याची स्वतंत्र नगरपालिका आहे, कारण इटलीत गाव लहान असो वा मोठं, सगळ्यांना एकच दर्जा: 'कोमुने'.

या गावाच्या अंगणात इटलीतला तिसऱ्या क्रमांकाचा गजबजलेला विमानतळ आहे. २०२४ मध्ये इथून १ कोटी ७३ लाखांहून अधिक प्रवासी गेले-आले. रोजचा हिशेब काढला तर सरासरी ४७ हजार. म्हणजे गावाच्या एकूण लोकसंख्येच्या सत्तावीस पट माणसं दररोज गावाच्या वेशीवरून जातात, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण कुठल्या गावात आहोत हे माहीतही नसतं.

हे सगळं झालं ते स्वस्त विमानप्रवासामुळे. १९७२ पासून इथे नागरी विमानं येत होती, पण खरी गर्दी वाढली ती २००२ नंतर, रायनएअर या आयरिश कंपनीने इथे बस्तान बसवल्यावर. मिलानच्या जवळच्या विमानतळापेक्षा इथे उतरणं कंपनीला परवडत होतं. म्हणून तिने हा विमानतळ 'मिलान' म्हणून विकला. प्रत्यक्ष मिलान इथून सुमारे ५० किलोमीटर. सोलापूरहून तुळजापूर जेवढं, त्याहून थोडं जास्तच. तुळजापुरात उतरवून कोणी सोलापूर म्हणालं तर आपण भांडलो असतो. पण तिकीट पुरेसं स्वस्त असलं की माणूस पन्नास किलोमीटर माफ करतो.

गावाला यातून काय मिळालं? बरंच काही. विमानतळासमोर १९९८ मध्ये ओरिओ सेंटर नावाचा मॉल उभा राहिला. पुढे तो वाढत वाढत इटलीतल्या मोठ्या मॉलपैकी एक झाला. विमानतळातून भुयारी वाटेने चालत तिथे जाता येतं, त्यामुळे विमानाला उशीर झाला की प्रवासी थेट खरेदीला. हॉटेलं, पार्किंग, गोदामं, नोकऱ्या आल्या. शिवाय विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत बेर्गामोची नगरपालिका आणि प्रांत हे भागधारक आहेत. म्हणजे नफा झाला तर त्यातला काही भाग स्थानिक संस्थांकडे येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि सोसलं काय? पहिलं उत्तर आवाज. दिवसाचा एक वेळ सवयीचा होतो, पण इथे अनेक वर्षं रात्री मालवाहू विमानं उतरत होती. ५ ऑगस्ट २०१६ च्या पहाटे चारच्या सुमारास पॅरिसहून आलेलं डीएचएलचं एक मालवाहू बोईंग ७३७ पावसात उतरताना थांबलंच नाही. धावपट्टी संपली, कुंपण तुटलं आणि विमान शेजारच्या रस्त्यावर येऊन पडलं. वेळ पहाटेची होती म्हणून रस्ता मोकळा होता, जीवितहानी झाली नाही. रस्त्याच्या मधोमध आडव्या पडलेल्या त्या विमानाचे फोटो तेव्हा जगभर फिरले.

आवाजावर उपाय म्हणून विमानतळ कंपनीने आसपासच्या घरांना आवाज अडवणाऱ्या खिडक्या बसवून दिल्या. चांगलंच केलं. पण खिडकी बंद ठेवली तरच शांतता, हा सौदा उन्हाळ्यात कसा वाटत असेल, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

तिकिटातला गावाचा रुपया

इटलीच्या उदाहरणात मला सगळ्यात रोचक वाटली ती एक छोटी कराची गोष्ट.

२००३ च्या एका कायद्याने तिथे विमानात चढणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर एक युरोचा अधिभार लागला. त्याचं नावच 'नगरपालिका अधिभार'. कल्पना सरळ होती: ज्या नगरपालिकांच्या हद्दीत विमानतळ येतो, त्यांना त्रास होतो, म्हणून प्रवाशाच्या खिशातून थोडे पैसे त्यांच्याकडेही जावेत.

पुढे काय झालं ते आपल्यालाही ओळखीचं वाटेल. अधिभार वाढत वाढत साडेसहा युरोवर गेला. पण वाढीव पैशांचा मोठा भाग देशाच्या सामाजिक सुरक्षा संस्थेकडे वळवला गेला, विमान क्षेत्रातल्या बेरोजगार कर्मचाऱ्यांच्या मदतीसाठी. कारण चांगलंच होतं. पण कराच्या नावात नगरपालिका राहिली आणि पैशांत तिचा वाटा किरकोळ उरला. विमानतळाच्या शेजारच्या इटालियन नगरपालिका यावर सतत तक्रार करत आल्या आहेत.

तरीही, निदान नावापुरता का होईना, गावाचा हक्क तिथे कायद्यात लिहिलेला आहे. आपल्या तिकिटाचं काय? तुमच्या तिकिटाचा तपशील उघडून बघा. त्यात मूळ भाडं असतं, जीएसटी असतो, यूडीएफ म्हणजे युजर डेव्हलपमेंट फी असते, सुरक्षेचं शुल्क असतं. यूडीएफ जाते विमानतळ चालवणाऱ्याकडे. शेजारच्या गावाच्या नावाचा एकही रकाना त्यात नाही.

आपलं ओरिओ: काकडी

महाराष्ट्रात ओरिओच्या सगळ्यात जवळ जाणारं गाव म्हणजे कोपरगाव तालुक्यातलं काकडी. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळ आहे काकडीच्या जमिनीवर, शिर्डीपासून चौदा-पंधरा किलोमीटरवर. बांधला महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने, म्हणजे एमएडीसीने. ही राज्य सरकारची कंपनी.

पुढे या विमानतळाच्या बातम्यांत एक वेगळीच बातमी आली. काकडी ग्रामपंचायतीने विमानतळालाच जप्तीची नोटीस धाडली. कारण मालमत्ता कराची थकबाकी, आठ कोटींहून अधिक.

ऐकायला गंमत वाटते. सोशल मीडियावर त्यावर विनोदही झाले, ग्रामपंचायत विमान ओढून नेणार का वगैरे. पण कायद्याने बघितलं तर यात विचित्र काही नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे गावच्या हद्दीतल्या इमारती आणि जमिनींवर कर लावण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. तुमची-आमची घरपट्टी याच अधिकारातून येते, आणि ती थकली की वसुलीची नोटीसही. टर्मिनल ही गावच्या हद्दीतली इमारत. ती खूप मोठी आहे, एवढाच काय तो फरक.

आता आठ कोटी ही रक्कम एका ग्रामपंचायतीसाठी काय असते याचा विचार करा. पाणी योजना, रस्ते, दिवे, शाळेच्या खोल्या. ज्या गावातून देशभरचे भाविक विमानाने ये-जा करतात, त्या गावाला आपला कर मागायला जप्तीची भाषा वापरावी लागते. मला वाटतं, इथे चूक कुणाची यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा हा की विमानतळ बांधण्याआधी हा हिशेब कुणी कागदावर मांडला होता का.

इथे एक बारकावा आहे, तो सहसा निसटतो. ज्यांची जमीन विमानतळात जाते, त्यांच्यासाठी निदान काही नियम आहेत. २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली, तेव्हा जमीनमालकांना २२.५ टक्के विकसित जमीन देण्याचं ठरलं. ते पुरेसं होतं का, मिळालं का, कधी मिळालं, यावर भांडता येतं, कारण आकडा लिहिलेला आहे. पण ज्यांची जमीन कुंपणाच्या बाहेर राहिली त्यांचं काय? त्यांचं घर तिथेच, शेत तिथेच. त्यांना भरपाई नाही, पुनर्वसन नाही. आवाज आहे आणि बंधनं आहेत. हे लोक कुठल्याच यादीत येत नाहीत.

होटगी रोड: चिमणी का पडली?

कुंपणाबाहेरच्या शेजाऱ्यावर बंधन येतं म्हणजे नेमकं काय होतं, हे महाराष्ट्रात सोलापूरइतकं ठळकपणे क्वचितच कुठे दिसलं असेल.

होटगी रोडचा विमानतळ जुना. मध्ये किंगफिशरची छोटी विमानं काही काळ इथून मुंबईला जात होती. ती बंद पडली. २०१७ मध्ये केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्या यादीत सोलापूरचं नाव आलं, पण विमान आलं नाही. अडचण होती ती धावपट्टीजवळच्या कुमठे इथल्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची. कारखान्याने सहवीजनिर्मितीचा प्रकल्प उभारला होता, ३८ मेगावॅटचा. त्याची चिमणी सुमारे ९० मीटर उंच.

एवढी उंच कशाला? उसाचं चिपाड जाळून वाफ आणि वीज करायची तर धूर आणि राख निघणारच. ती जितक्या उंचावर सोडाल तितकी लांब विरते आणि आसपासच्या घरांवर कमी पडते. बॉयलर मोठा तशी चिमणी उंच, हा साधा हिशेब. म्हणजे प्रदूषणाचं शास्त्र म्हणतं उंच बांधा, विमानाचं शास्त्र म्हणतं ठेंगणं ठेवा. एकाच जागेवर दोन्ही खरी.

आता विमानाचं शास्त्र बघू. विमान उतरताना एका उतारावरून खाली येतं. त्या उताराच्या खाली, हवेत, नियमांनी एक अदृश्य छप्पर कल्पिलेलं असतं. त्या छपराच्या वर काहीही डोकावता कामा नये: इमारत, मनोरा, झाड, काहीच नाही. उपकरणांच्या मदतीने उतरण्याची सोय असलेल्या मोठ्या धावपट्टीसाठी हे छप्पर पहिल्या तीन किलोमीटरमध्ये दोन टक्क्यांनी चढतं. म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून ५० मीटर लांब गेलात की एक मीटर उंची मिळते. एक किलोमीटरवर २० मीटर. तीन किलोमीटरवर ६० मीटर. त्यापुढे उतार अडीच टक्के होतो. या हिशेबाने ९० मीटरची चिमणी धावपट्टीच्या रेषेत असेल तर ती चार किलोमीटरच्याही पुढे हवी. रेषेत नसून बाजूला असली तरी सुटका नाही, कारण मोठ्या विमानतळाभोवती चार किलोमीटरच्या परिघात साधारण ४५ मीटर उंचीवर एक सपाट छप्परही धरलेलं असतं. लहान धावपट्टीला आकडे थोडे बदलतात, तत्त्व तेच. होटगी रोडवरून जाणाऱ्या कुणालाही धावपट्टी आणि चिमणी एका नजरेत दिसत होती.

यावर सोलापूर अक्षरशः दोन भागांत वाटलं गेलं. एका बाजूला सोलापूर विकास मंचासारख्या संघटना आणि शहरातला मोठा तरुण वर्ग. विमान नाही म्हणून कंपन्या नाहीत, कंपन्या नाहीत म्हणून शिकलेली पोरं पुण्याला आणि हैदराबादला, हे त्यांचं म्हणणं. त्यासाठी चक्री उपोषण झालं. माझ्या वयाच्या सोलापूरकरांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. रविवार संध्याकाळची पुण्याची गाडी बघितली की पुरे.

दुसऱ्या बाजूला कारखान्याचे हजारो ऊस उत्पादक सभासद आणि कामगार. हा कारखाना सहकारी आहे, एखाद्या शेठजीचा नाही. चिमणी पाडली तर गाळप अडेल, ऊस शेतात उभा राहील, आणि ज्यांनी आयुष्यात विमानात पाय ठेवला नाही त्यांनी विमानाची किंमत मोजायची, असा त्यांचा सवाल होता. महापालिकेचं म्हणणं, बांधकाम विनापरवाना आहे. कारखाना वर्षानुवर्षं न्यायालयांत लढत राहिला. २०१७ मध्ये पाडकामाचा एक प्रयत्न शेतकऱ्यांच्या विरोधामुळे फसला.

अखेर १५ जून २०२३ रोजी, जमावबंदी आणि मोठ्या पोलिस बंदोबस्तात, महापालिकेने नियंत्रित स्फोटाने चिमणी पाडली. काही सेकंदांत ती खाली आली. त्याचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेलच. शहरात काही ठिकाणी जल्लोष होता आणि कारखान्यावर रडणारी माणसं होती. दोन्ही एकाच दिवशी, एकाच शहरात.

पण पुढचा हिशेब व्हिडिओत नाही. चिमणी पडली आणि विमान लगेच आलं का? नाही. धावपट्टीची दुरुस्ती, टर्मिनल, परवाना, यात वेळ गेला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ऑनलाइन उद्घाटन केलं. पहिलं नियमित विमान उडालं ९ जून २०२५ रोजी, फ्लाय९१ कंपनीचं, गोव्याला. म्हणजे चिमणी पडल्यानंतर दोन वर्षांना सहा दिवस कमी. ज्या मुंबईसाठी एवढा अट्टहास होता, ती सेवा स्टार एअरने सुरू केली १५ ऑक्टोबर २०२५ रोजी.

माझं स्पष्ट मत: चिमणी आणि विमान एकत्र नांदू शकत नव्हते, हे गणित आहे, त्यात राजकारण शोधून उपयोग नाही. पण चिमणी पायापासून नव्वद मीटरपर्यंत चढत असताना सगळ्या यंत्रणांनी ती बघितली होती. ती एका रात्रीत उगवली नव्हती. बांधताना कुणी थांबवली नाही आणि पाडताना मात्र तारीख ठरली. शेजाऱ्याला नियम उशिरा कळला की त्याची किंमत शेजारीच मोजतो.

तुमचा प्लॉट तिकडे असेल तर

आता थोडं कामाचं. होटगी रोड, कुमठे, मजरेवाडी या भागात घर किंवा इमारत बांधायचा विचार असेल तर उंचीचा नियम तुम्हालाही लागू आहे. २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार विमानतळाभोवती वीस किलोमीटरपर्यंत बांधकामाच्या उंचीवर नियंत्रण असू शकतं. विमानतळ प्राधिकरण रंगांचे नकाशे तयार करतं. कोणत्या रंगाच्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत थेट परवानगी आणि कुठे वेगळं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, ते त्यावरून ठरतं. अर्ज ऑनलाइन करता येतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. उंची तुमच्या जमिनीपासून मोजत नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात. प्लॉट उंचवट्यावर असेल तर तुमच्या इमारतीचे मजले तेवढे कमी होतात. शेजाऱ्याला चार मजले मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील, असं धरून चालू नका. दुमजली घर बांधणाऱ्याला बहुधा काही अडचण नाही. पाण्याची उंच टाकी, मोबाइल टॉवर, मोठं अपार्टमेंट असेल तर आधी विचारा, मग पाया खणा. आणि विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकणं किंवा जनावरं कापणं याला विमान नियमांत मनाई आहे, कारण त्यावर घारी-गिधाडं जमतात आणि पक्षी इंजिनात गेला की अनर्थ होतो.

आवाजाचं म्हणाल तर २०१८ मध्ये केंद्राने विमानतळ परिसरासाठी मर्यादा ठरवल्या. वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या विमानतळाभोवती दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल. आपला विमानतळ त्या आकड्याच्या आसपासही नाही. दिवसाला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी विमानं. त्यामुळे आज आवाज हा सोलापूरचा प्रश्न नाही.

मग बोरामणीचं काय?

होटगी रोडला एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला कारखाना आणि वस्ती. मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला तिथे वाढायला जागा नाही. म्हणून हैदराबाद रस्त्यावर बोरामणीला नवा विमानतळ करायचं ठरलं. पाचशेहून अधिक हेक्टर जमीन घेतली गेली. पण मधल्या वनजमिनीचा आणि माळढोक अभयारण्याचा प्रश्न आडवा आला, आणि दशकाहून जास्त काळ लोटला तरी धावपट्टी झाली नाही. चिमणीच्या भांडणात 'बोरामणी आधी करा' हा कारखान्याच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद होता.

बोरामणीची जमीन घेणारी कंपनी तीच, एमएडीसी. काकडीचा विमानतळ बांधणारी. आणि बोरामणीत काकडीसारखीच ग्रामपंचायत आहे, होटगी रोडसारखी महापालिका नाही. म्हणजे उद्या तिथे टर्मिनल उभं राहिलं तर काकडीचा प्रश्न जसाच्या तसा इथे येईल: या इमारतीची घरपट्टी कोण, किती आणि कधी भरणार?

इटलीत बेर्गामोकडे निदान शेअर आहेत आणि तिकिटात नावापुरता का होईना अधिभार आहे. बोरामणीच्या बाबतीत यातलं काय मागायचं, हे ठरवायला तिथे अजून वेळ आहे. कराचा दर आणि भरण्याची मुदत, कुंपणाबाहेरच्या घरांची यादी, उंचीचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लावणं, एवढं जरी धावपट्टीचं डांबर पडण्याआधी कागदावर आलं, तरी पुढे जप्तीची नोटीस काढायची वेळ येणार नाही.

गोव्याच्या विमानतळाला अधिकृत नाव आहे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. लोक आजही त्याला मोपाच म्हणतात. बोरामणीत कधी विमानतळ झालाच, तर त्याला सोलापूर म्हणतील की बोरामणी, यावर कमेंटमध्ये भांडायला हरकत नाही.